बुचकळलेले घड

रामदासनं लावलेल्या त्या अर्ध्या एकरातले द्राक्षांचे घड बघून नारायणगावच्या रस्त्यानं जाणारा कुणीही गाडी थांबवेल, असे टपोरे! आणि का नसावेत? आईनं आणि इंद्रायणीनं एकेक घड हातानं औषधाच्या तांब्यात बुचकळला होता. शाळेतून आल्याआल्या इंद्रायणी दप्तर फेकायची आणि तांब्या उचलायची. मणी फुगवायचा तर घड बुचकळायचा, एवढं जुन्नरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

फक्त ही द्राक्षं खायची नव्हती, वाईनची होती. रामदास म्हणजे इंद्रायणीचा थोरला भाऊ. वाईनरीच्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता, पहिल्या पिकाच्या बाटलीवर तुझं नाव घालू. मग पावसाळ्यात पेठजवळ त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला.

तेव्हापासून घरात कुणी रडलंच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर कसा गाल आपलाच आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं इंद्रायणीचं सगळंच झालं होतं. ती हसायची, वर्गात भाषणं ठोकायची, पण लागायचं काहीच नाही. बाटलीवर दादाचं नाव आलं की हे उतरेल, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

माघात साहेब आले. त्यांनी एक मणी पिळून रस साखर मोजायच्या यंत्रावर घेतला आणि यंत्र डोळ्याला लावलं.

"घड बुचकळले का हो?"

"मंग! एकबी सोडला न्हाई," आई म्हणाली.

साहेबांनी टोपी काढली. "आई, वाईनला मणी बारीक लागतो, जाड सालीचा. हे नुसते फुगलेत. साखर सतरा भरतीये, मला तेवीस हवी. नाही नेता येणार."

"आन् नाव?" इंद्रायणीनं विचारलं.

साहेब गाडीकडे वळले.

आहुप्याहून कामाला आलेली साळुबाई कात्री धरून ऐकत होती. "म्हंजी ही दारूची न्हाईत? आवं वैनी, चार दिस पानं काढतोय, पर चढंल म्हणून एक मणी तोंडात टाकला न्हाई आमी!" तिनं लगेच टाकला. "ग्वाड हाय की!"

बायका खिदळल्या. आईही हसली, नुसत्या ओठांनी.

इंद्रायणीनं घरात जाऊन फडताळ उघडलं. रामदासच्या वहीला त्याच्यामागं कुणी हात लावला नव्हता. तिसऱ्याच पानावर लाल पेनानं लिहिलं होतं, 'घड बुचकळायचे नाहीत.' खाली दोन रेघा.

आता तरी रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. काहीच आलं नाही. वही मिटून ती क्रेट उचलायला गेली.

चतुर्थीला मायलेकींनी ओझरला देवळाच्या वाटेवर क्रेट मांडले. एका पावण्यानं घड उचलून फिरवला.

"जम्बो न्हाई, शरद न्हाई. कंचं वाण म्हणायचं हे, मावशी?"

आईनं काटा सरळ केला.

"रामदास."

"नवीन दिसतंय!" त्यानं मणी चावला. "पर बी लई हाय राव ह्यात."

"हाय," आई म्हणाली. "थुकून टाका."

त्यानं दोन किलो घेतली. मागं उभ्या असलेल्या बाईनं तेच विचारलं. आई वजन करत होती.

"रामदास," इंद्रायणी म्हणाली आणि तिनं पिशवी पुढं धरली.