मापाड्याचा काटा

मुलांचा लठ्ठपणा कमी करायच्या सरकारी मोहिमेत आमच्या यवतच्या शाळेतही कोणत्या पेयात किती साखर ते दाखवणारा शुगर बोर्ड लागला, आणि त्यावर भाषण करायला बाईंनी कुणाला निवडलं? मला! गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा मान खाली घालणाऱ्या तेजश्रीला! आरशासमोर इतकी तयारी केली, की शेवटी आरसाच भाषण करायचा बाकी होता.

आधी सगळ्यांची वजनं होती. आरोग्य पथकाचा काटा ऐनवेळी बंद पडला. सरांनी शेजारच्या कांदा बाजारातून काटा मागवला. काट्याबरोबर माल मोजणारा मापाडीही आला. माझे पप्पा, बाजारातले सगळ्यांचे बबनमामा.

काट्यावर काय चढलंय ते पप्पा बघतच नाहीत, फक्त आकडा बघतात. आणि आकडा पुकारायचा कसा, तर शेतकऱ्यालाही ऐकू जावा आणि आडत्यालाही.

"एकाहत्तर! एकाहत्तर किलो!"

"दीड गोणी भरली की!" रविराज ओरडला. त्याच्या वडिलांची बाजारात आडत आहे, त्यांच्याकडे विकायला येणारा कांदा पप्पाच मोजतात. सगळं मैदान हसलं.

पप्पांनी वर बघितलं. मी! माझ्या कानांवर भाकरी भाजली असती.

"थांबा, थांबा," पप्पा नर्सबाईंना म्हणाले. "काट्यात गडबड हाय. जादा दाखवतोय."

रविराजचं हसू गेलं. "बबनमामाचा काटा जादा दाखवतो? माझ्या पप्पांना सांगतोच आज!"

आजवर पप्पांच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता त्यांनीच ठेवलं होतं, तेही माझ्यापायी.

बाईंनी घाईघाईनं माइक माझ्या हातात दिला. "आदरणीय व्यासपीठ" काही तोंडातून निघेना.

"काटा बरोबर हाय," मी म्हणाले. आवाज चिरकला. "गेल्या आठवड्यात दवाखान्यात पण एकाहत्तरच भरलं. घरी मीच कमी सांगितलं."

मागून कुणीतरी परत हसलंच. मग मी बोर्डाकडे बोट करून बाटलीतल्या साखरेचे चमचे सांगितले. नजर मात्र स्वतःच्या बुटांवर.

राहिलेली वजनं पप्पांनी नर्सबाईंच्या कानात सांगितली. त्यांचं कुजबुजणंही गेटपर्यंत जातं, ही गोष्ट वेगळी. शेवटी काटा उचलताना, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"धर गं त्या बाजूनं."

मी धरला. अख्ख्या शाळेसमोरून आम्ही काटा नेला, दोघंही खाली बघत.