सुटलेली थप्पी

हमाल करसनचा पाय मोडल्याची बातमी आली तेव्हा रसिक प्लास्टिकच्या कारखान्यात जेवायला बसला होता.

आदल्या दिवशी गांधीधामच्या गोदामात मिठाच्या गोण्यांची थप्पी कोसळली होती. रचलेली हमालांच्या टोळीतल्या जुन्या वशरामकाकांनी. गोदामाच्या शेठने सगळ्यांसमोर सुनावलं, "काका, हात म्हातारे झाले तुमचे. आता घरी बसा."

पण त्या गोण्यांचं प्लास्टिक रसिकने काढलेलं. मशीनवर त्याचे थर एकमेकांना चिकटत होते, फाटत होते, वरून मालाची घाई. त्याने सुळसुळीतपणा आणणारे दाणे दुप्पट टाकले. मग फळीवर दोन गोण्या एकावर एक ठेवून फळी तिरपी केली. वरची हलली नाही. पास!

पण ताजा माल फसवतो. दाण्यांतला मेणचटपणा सावकाश वर येऊन गोणी निसरडी करतो, म्हणून थोडे दिवस थांबून फळी पुन्हा उचलायची, ही कारखान्याची रीत. रसिक थांबला नाही. आणि प्लास्टिक म्हणजे काही ताग नव्हे. ताग कुरकुरतो, इशारा देतो. हे मुकाट धरून बसतं, केसभर सरकतं, पुन्हा धरतं आणि एकदा सुटलं की सुटलंच.

संध्याकाळी तो काकांकडे गेला. काका खाटेवर. बशीतला चहा गार.

"ये रे इंजिनियर."

"कालपासून खिचडीला हात लावला नाही," आतून काकी म्हणाली. "तुझं तरी ऐकतात का बघ."

"थप्पी मधून फुगून तिचं पोट सुटलेलं मला दिसलं नाही रे," काका म्हणाले. "डोळे गेले बहुतेक. करसनच्या बायकोला तोंड कसं दाखवू?"

रसिकने गाठियाचा पुडा पुढे केला आणि स्वतःचीच लाज वाटली. माफी मागायला आला आणि हे काय घेऊन!

"डोळे चांगले आहेत तुमचे, काका." मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. दाणे, फळी, घाई. सांगून मान खाली घातली, दोन थोबाडीत बसतील म्हणून. खरं तर त्याला हलकं वाटायला लागलं होतं.

"तो माल संपला?" काकांनी विचारलं.

"नाही. बराचसा गोदामातच असेल."

"आज कोण रचतंय?"

"सवजीची टोळी."

"अरे मुडद्या! मग इथे काय रडत बसलायस?" काका अनवाणीच उठले.

तोच माल आता सवजीची टोळी रचत होती. स्वतःचं ओझं उतरवायच्या नादात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोटरसायकल थेट गोदामाच्या दारात. थप्पी पुरुषभर उंच गेलेली, सवजी तिच्यावर उभा.

"सवजी, खाली उतर!" रसिक ओरडला.

शेठ बाहेर आला. "काय तमाशा लावलाय? काका, तुम्हाला नको म्हटलं होतं ना?"

काका नुसते रसिककडे बघत राहिले.

"अरे, उतरू की नको?" सवजी वरून विचारत होता.

"उतर," रसिक म्हणाला. "माल खराब आहे, शेठ. काकांचा काही दोष नाही. हा माल मीच केलाय."