उजवं इंजिन

"निळा शर्ट घाला. पांढऱ्यात तुम्ही फार दमलेले दिसता," नूतन म्हणाली आणि तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून खिडकीसमोर मांडली. अकरा वाजता पुण्याहून यूट्यूबवाल्या रुचिरचा मुलाखतीसाठी व्हिडिओ कॉल यायचा होता. शुक्रवारची सुट्टी, मस्कतमधल्या अल् घुब्राचे रस्ते रिकामे, आणि मधु खांबेटे बेडरूमच्या दाराशी शर्टाची बटणं लावत उभा होता.

"फक्त एवढंच म्हणायचं," ती म्हणाली, "की बाहेरून विमान चालवता येतं. तुम्ही अठ्ठावीस वर्षं हेच काम केलंय. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मधुने कॉलरचं शेवटचं बटण लावलं.

मस्कतच्या विमानतळावरच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये त्याची हयात गेली होती. विमानाच्या पोटातल्या तारा, पेट्या, दिवे हे त्याचं खातं. त्याचा एकुलता एक मुलगा आशुतोष एका छोट्या विमान कंपनीत को-पायलट होता. सव्वा वर्षापूर्वी त्याचं दोन पंख्यांचं विमान उड्डाणानंतर तिसऱ्या मिनिटाला समुद्रात कोसळलं. त्रेचाळीस माणसं गेली. चौकशीचा अहवाल आला तेव्हा कळलं, की डावं इंजिन बंद पडलं होतं. तेवढ्याने विमान पडत नाही. एका इंजिनावर ते परत आणता येतं. पण त्या गडबडीत कोणीतरी चालू असलेलं उजवं इंजिनही बंद केलं. तो हात को-पायलटचा होता.

नूतनने अहवाल दोनदा वाचला आणि नंतर ती जवळजवळ तीन महिने गादीवरून उठली नाही. तिला उठवलं ते रुचिरच्या व्हिडिओंनी. विमानं जमिनीवरून रिमोटने पाडता येतात, शेपटीत एक छुपी पेटी असते, कंपन्या आणि सुरक्षावाले सगळं दडपतात, असं तो तावातावाने सांगायचा. एका सकाळी मधु उठला तर नूतन केसांना तेल लावून ओट्यापाशी उभी होती. "अहो, ऐकलंत का? आपल्या आशूने काही केलेलं नाही," ती म्हणाली. त्या दिवशी तिने कितीतरी दिवसांनी आमटीला फोडणी घातली. मधुने ती निमूटपणे खाल्ली. तिला जगायला एवढं पुरत असेल तर पुरू दे, कुणाचं काय बिघडतं, असं त्याला वाटलं.

बिघडलं ते तौहीदचं.

तौहीद श्रीवर्धनकडचा. मधुच्याच हाताखाली तयार झालेला. मस्कतच्या वादी कबीर भागात, वर्कशॉपांमागच्या मोकळ्या जागेत आशुतोषला गाडी चालवायला शिकवली ती त्याने. ते विमान पडायच्या तीन दिवस आधी मस्कतला तपासणीसाठी आलं होतं आणि त्याच्या शेपटीतली रेडिओची एक पेटी तौहीदने बदलली होती. कागदावर त्याची सही होती. तो कागद रुचिरच्या हाती कसा लागला कोण जाणे, पण मागच्या महिन्यातल्या व्हिडिओत तौहीदचा फोटो झळकला. दाढीभोवती लाल गोल काढलेला. लाखभर लोकांनी तो पाहिला. आठवड्याभरात विमानतळाने 'चौकशी होईपर्यंत' त्याचा हँगरमध्ये जायचा पास काढून घेतला.

"त्यानेच केलं असं मी कुठे म्हणते?" नूतन म्हणाली होती. "त्याच्याकडून कोणीतरी करवून घेतलं असेल."

काल, गुरुवारी संध्याकाळी मधु वादी कबीरला तौहीदच्या घरी गेला. दार तौहीदच्या बायकोने, अंबरीनने उघडलं. नेहमी "या सर" म्हणणारी ती नुसती बाजूला झाली. तौहीद मुलीच्या वह्यांना कव्हर घालत बसला होता. भर कामाच्या दिवसांत घरी बसलेला माणूस हाताला काहीतरी शोधतो, तसा.

"स्कूलबसमध्ये पोरं हिला विचारतात, वेअर इज युवर डॅड्स रिमोट," अंबरीन म्हणाली. "आता ती बसने जात नाय. हे सोडतात."

"तू गप ऱ्हा गं," तौहीद म्हणाला. मग मधुकडे वळला. "सर, उद्या तुमचा इंटरव्ह्यू हाय ना? काकींनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय."

"हो."

"काकींना बरं वाटंल तसं बोला. माझं काय, इन्शाल्ला चौकशीत सुटेन, नायतर गावाला जाईन. त्यांचा आशू परत यायचा नाय."

अंबरीनने मधुपुढे चहा ठेवला. त्याने कप तसाच ठेवला आणि तो निघून आला.

अकराला फोन वाजला. रुचिर दिसायला आशुतोषच्याच वयाचा होता. "काका, फर्स्ट ऑफ ऑल, सॉरी फॉर युवर लॉस," असं म्हणून त्याने थेट विचारलं, "एक एक्स्पर्ट म्हणून सांगा, ते उजवं इंजिन जमिनीवरून बंद करता येतं की नाही?"

नूतन फोनच्या मागे उभी होती. तिने हात जोडले होते. देवासमोर जोडतो तसे नाहीत. एखाद्याला गयावया करतो तसे.

"नाही," मधु म्हणाला.

"म्हणजे, काका, ऑफिशियली नाही, पण…"

"कशानेच नाही. त्या विमानात इंजिन बंद करायचा एक लिव्हर असतो. तो थोडा उचलून मागे ओढावा लागतो. हाताने. तो ओढायला आत कुठली मोटर नाही, कुठली तार नाही. तौहीदने बदलली ती बोलण्याच्या रेडिओची पेटी. ती मी स्वतः त्याला बदलायला शिकवली. त्या पेटीचा इंजिनाशी काही संबंध नाही."

"मग लिव्हर कोणी ओढला?"

मधुने फोनमागे पाहिलं नाही.

"माझ्या मुलाने. घाईत. त्याची चूक झाली. बाकीच्या बेचाळीस घरांची मी माफी मागतो. हे सगळं दाखव. कापू नकोस. आणि त्या माणसाचा फोटो काढून टाक."

रुचिरने "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे" म्हणत कॉल तोडला. तो हे दाखवणार नाही, हे मधुला कळलं. मग त्याने हेच सगळं आपल्या फोनवर, एकट्याने बसून पुन्हा रेकॉर्ड केलं, नूतनच्या त्या ग्रुपवर टाकलं आणि तौहीदची चौकशी करणाऱ्या विमानतळाच्या ऑफिसलाही पाठवलं.

हॉलमध्ये आला तेव्हा नूतन खुर्चीवर बसली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. दुपारी कोणीच जेवलं नाही. उन्हं उतरल्यावर ती बाल्कनीत गेली. बऱ्याच वेळाने तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग एक सांगा." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा. "त्याला कळलं असेल का? शेवटी? की आपण चुकीचं बंद केलं?"

अपघाताची चौकशी करणाऱ्यांनी मागच्या वर्षी मधुला बोलावून घेतलं होतं. कॉकपिटच्या टेपवर शेवटचे काही शब्द इंग्रजी नव्हते, त्यांचा अर्थ त्यांना हवा होता. कानाला हेडफोन लावून मधुने ते ऐकले होते. घरात सदा इंग्रजी बोलणारा, मराठीत अडखळणारा त्याचा मुलगा अगदी स्वच्छ म्हणाला होता, "आई, हे नव्हतं."

"नाही," मधु म्हणाला. "वेळच नव्हता गं. त्याला काही कळलं नाही."

नूतनने मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली.

समुद्राकडून एक विमान दिवे लावून विमानतळाकडे उतरत होतं. ते इमारतींमागे दिसेनासं झालं, तरी ती कठड्याला धरून उभी राहिली. ते नीट टेकेल एवढा वेळ जाऊ देऊन मग ती आत गेली.