बसल्या जागी नॉर्मल

"ताई तशा स्वभावाने भित्र्या," सुपरवायझर म्हणाला. "जरा काही झालं की चक्कर. पण हात फार साफ होता हो त्यांचा."

माझ्या बायकोला जाऊन आठवडाही झाला नव्हता. शोकसभेसाठी कारखान्याने जेवणाच्या सुट्टीतला थोडा वेळ दिला होता. शिलाईच्या हॉलमध्ये बायका आपापल्या मशीनपुढे स्टुलावर बसल्या होत्या. मला पुढे खुर्ची दिली होती. मी मुठी मांडीवर दाबून ऐकत होतो.

भित्री? घरात उंदीर निघाला की मी पलंगावर चढायचो. ती त्याला शेपटीला धरून बाहेर टाकायची आणि वर मला विचारायची, "उतरता का आता, की शिडी आणू?"

साखरेचा आजार तिला बरीच वर्षं होता. पुढे पुढे बसल्याची उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. एका डॉक्टरने टॉनिक दिलं. दुसरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनाला लावून घेतात का फार?" माझ्या बहिणीला तेवढंच पुरलं. शेवटी नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिला आडवं करून प्रेशर मोजलं. मग दंडाचा पट्टा न काढता तिला उभं केलं आणि पुन्हा मोजलं. आकडा पाहून त्यांनी तिला घाईघाईने खाली बसवलं.

"तुम्ही काय करता?" त्यांनी मला विचारलं.

"नळाचं काम. पाइप, टाक्या, मोटरी."

"मग तुम्हाला चटकन कळेल. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये नसांची टोकं असतात, त्यांना दाब कमी झाल्याचं समजतं. त्या मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला म्हणतो, जोरात चाल. खालच्या रक्तवाहिन्यांना म्हणतो, आवळून घ्या. आपल्याला पत्ताही लागत नाही. साखरेने यांच्या नसा खराब केल्यात. हुकूम सुटतो, पण नीट पोचत नाही."

"म्हणजे मोटर धड आहे, वायरिंग गेलंय," बायको म्हणाली. "अहो, ऐकलंत ना? माझं डोकं ठिकाणावर आहे. हे तुमच्या बहिणीला घरी जाऊन सांगा."

उठण्याआधी पाणी प्यायचं, पाय हलवायचे, पोटऱ्या आवळायच्या, मगच सावकाश उभं राहायचं, असं बाईंनी शिकवलं. सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून टाचा वरखाली करायची.

"मशीन सुरू झालं का?" मी विचारायचो.

"थांबा, दोरा ओवतेय."

घरी हे जमत होतं. कारखान्यात मालक हॉलमध्ये आले की सगळ्यांनी ताबडतोब उभं राहायची पद्धत होती. ही मागे राहायची. बायका थट्टेने 'महाराणी' म्हणायच्या, तर ही उलट त्यांनाच फर्मान सोडायची. सुपरवायझर मात्र थट्टा करत नव्हता. तिने त्याला आजार समजावून सांगितला. तो म्हणाला, "कंपनीचे डॉक्टर दर महिन्याला तपासतात. तुमचं प्रेशर तर माझ्यापेक्षा चांगलंय!"

असणारच. कंपनीचा डॉक्टर मशीनमशीनवर फिरून मोजायचा. काम थांबू नये म्हणून कुणाला उठू देत नव्हता. बसल्या जागी ती नॉर्मलच होती.

मी स्वतः जाऊन सुपरवायझरला भेटलो. म्हटलं, "साहेब, एकदा उभं करून मोजायला लावा."

"तुम्ही नळवाले की डॉक्टर?" तो म्हणाला. "सगळ्यांना उभं करत बसलो तर कपडे तुम्ही शिवणार का?"

त्या दिवशी काय झालं ते मला काजेवालीने सांगितलं. ती हिच्या शेजारच्या मशीनवर बटणांची काजं करते. मालक एका मोठ्या गिऱ्हाइकाला हॉल दाखवायला आणत होते. सुपरवायझर आधीच येऊन हिच्या मशीनपाशी उभा राहिला. हिने पाण्याची बाटली उचलली. त्याने ती हातातून काढून घेतली. "महाराणी, आज नाटक नको. उठा."

ती उठली. ताठ उभी राहिली. मग खाली गेली. जाताना कानशील मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं.

आणि हा सांगतोय, भित्री!

तेवढ्यात मालक आले. स्टुलं सरकल्याचा आवाज झाला, सगळ्या उभ्या राहिल्या. मी बसून होतो. सुपरवायझर मला भुवईने खुणावत होता.

मालकांनी हात जोडले. "आता आपण दोन मिनिटं उभं राहून..."

"बसा," मी म्हणालो. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "सगळ्या बसा. तिच्यासाठी कुणी उभं राहायचं नाही."

"दादा, तुम्ही दुःखात आहात," सुपरवायझर जवळ आला. "पाणी घ्या थोडं."

"पाणी आत्ता आठवलं तुला? तिच्या हातातलं हिसकावलंस तेव्हा काय झालं होतं? भित्री म्हणे! तू 'उठा' म्हणालास म्हणून उठली ती. तिला ठाऊक होतं काय होईल ते. तरी उठली. हे सांग या सगळ्यांना. नाटक करत नव्हती, एवढं आज तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तो मालकांकडे पाहायला लागला.

"भावोजी," काजेवाली म्हणाली, "तो कसला बोलतोय! मी बोलते. ताई नाटक करत नव्हती. मी बघितलंय. आम्ही हसायचो ते चुकलंच आमचं." ती स्टूल ओढून खाली बसली. मग तिच्या मागची बसली. मग रांगच्या रांग बसली.

हॉलमध्ये आता दोघेच उभे होते. मालकांचे हात अजून जोडलेले होते. ते बसायला जागा शोधू लागले. रिकामं स्टूल एकच होतं, काजेवालीच्या शेजारचं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि ते तसेच उभे राहिले.