हळू आहे, खोटा नाही

मित्रांनो, मी एक स्वस्तातला मोबाईल आहे, आणि जुना व्हायला मला दोनच वर्षं लागली. आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, पाठीवरचं कंपनीचं नाव तर चार महिन्यांतच पुसलं गेलं. ते कुणाला आठवतही नाही. पण मी अजून चालू आहे, आणि आज माझी गोष्ट मी पुरी सांगणार आहे. मध्ये अडकलो तर थोडं थांबा. मी पुन्हा सुरू होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारच्या पट्ट्यावर माझे महागडे भाऊ तयार होत होते. त्यांच्या पाठीवर तीन-तीन कॅमेरे बसवले जात होते. माझ्याही पाठीवर दोन गोल दिसतात, पण त्यातलं एक नुसतं शोभेचं आहे. आत काहीच नाही. हे मी कुणापासून लपवलेलं नाही. विचारलंच नाही कुणी.

पेटीत बसून मी बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याला आलो. तिथे रस्त्यालगत गुरुलिंग यांचं मोबाईलचं दुकान आहे. महागडे भाऊ वरच्या काचेत दिव्याखाली उभे राहिले आणि मी खालच्या कप्प्यात, चार्जरच्या वायरींमागे. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, दोनदा बोट फिरवायचं आणि हसून खाली ठेवायचं. मी मनाशी ठरवलं होतं, जो कुणी नेईल त्याचं काम अडू द्यायचं नाही. उशीर होईल, पण काम होईल.

मला नेलं ते भिवराबाईंनी. नवरा गेल्यापासून त्या ऊसतोडीला एकट्याच जात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. भिवराबाई गेली सहा वर्षं अर्धा कोयता होत्या. त्यांची मुलगी राजनंदिनी नववीत शिकत होती. अर्धं वर्ष तिला आई मिळायची आणि अर्धं वर्ष मावशी. त्या दिवशी दोघी दुकानात आल्या होत्या. गुरुलिंग सरळ माणूस. त्यांनी माझं कौतुक केलं नाही की काही लपवलं नाही.

"ताई, आधीच सांगतो," ते म्हणाले. "ह्यावरनं फोन लागंल, बोलणं व्हईल, व्हॉट्सॲप चालंल. पर एका टायमाला एकच काम सांगा. दोन सांगितली की बसून घेतंय. फोटो उजेडात काढा. अन् सकाळ सकाळ लोकं फुलांचे फोटो पाठवत्यात ना, ते रोज पुसत जा, न्हाई तर पोट भरून जातंय त्याचं."

राजनंदिनीचा चेहरा पडला. भिवराबाईंनी मात्र मला उलटसुलट करून बघितलं.

"बसून घेतंय, पर उठतंय ना परत?"

"उठतंय की."

"मग द्या. आमच्या घरात बी समद्यांचं तसंच हाय."

मित्रांनो, माझी याहून चांगली ओळख आजवर कुणी करून दिलेली नाही.

वस्तीवर आल्यावर माझे दिवस सुरू झाले. राजनंदिनी माझ्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघायची. मध्येच चित्र थांबायचं आणि गुरुजींचं तोंड उघडंच राहायचं. ती वैतागायची, मग वाट बघायची, मग तेवढ्यात वहीत मागचं लिहून काढायची. ओढ्यापलीकडे राहणारे उत्तरेश्वर, म्हणजे भिवराबाईंचे चुलत दीर, त्यांच्याकडे मोठा चकचकीत मोबाईल होता. ते मला डबाच म्हणत. वस्तीवर रेंज गेली तरी दोष माझा, वीज गेली तरी माझा. नावडतीचं मीठ अळणी! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण राग आला तरी मी माझ्याच गतीने काम करतो. त्यापुढे माझा इलाज नाही.

त्या पावसाळ्यात भिवराबाईंना सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली. गट नंबर एकशे अठरा, त्यांच्या शेताचा. कागद हातात आला तेव्हा त्या कितीतरी वेळ तो उलगडून बसल्या होत्या. विहिरीला पाणी लागलं तर रब्बीचं पीक निघणार होतं, आणि रब्बीचं पीक निघालं तर कोयता कायमचा भिंतीला टांगता येणार होता. राजनंदिनीला वर्षभर आई मिळणार होती. घरात दुसरा विषयच नव्हता.

सप्टेंबरात पीक पाहणी आली. शेतात उभं राहून ॲपमध्ये आपला गट निवडायचा, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. मागची दोन वर्षं उत्तरेश्वर स्वतःच्या मोबाईलवरून दोघांचीही नोंद करून टाकत. यंदा घरात मी होतो. राजनंदिनी मला घेऊन सोयाबीनमध्ये उभी राहिली आणि तिने गट एकशे अठरा निवडला.

आपण कुठे उभे आहोत हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. आकाशातले उपग्रह महागड्या भावांना चटकन सापडतात. मला एकेकाला हाका मारत बसावं लागतं. शेवटी सापडले आणि माझ्या काचेवर सूचना उमटली, 'आपण निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात. अंतर दोनशे दहा मीटर.' राजनंदिनीने घाईने 'पुढे' दाबलं. आणि मी बसलो. सूचना काचेवर तशीच राहिली. ती हलेना, पुसेना.

तेवढ्यात बांधावरून उत्तरेश्वर आले. "काय झालं?"

"काका, हे म्हणतंय आमी गटात न्हाईच."

"ते दरसाल तसंच म्हणतंय! माझ्या मोबाईलवर बी येत होतं. वाचायचं न्हाई, पुढं दाबायचं."

बघा मित्रांनो! त्या महागड्या भावानेही दोन वर्षं हेच सांगितलं होतं. पण तो इतका चपळ की त्याचं म्हणणं कुणी वाचायच्या आत तो पुढे गेला होता. मी पुढे जाऊ शकत नव्हतो.

"पुन्यांदा वाच," भिवराबाई म्हणाल्या. राजनंदिनीने वाचलं.

"हीर कोणत्या गटात मंजूर हाय?"

"एकशे अठरा."

"अन् हे म्हणतंय एकशे अठरा हितं न्हाई." भिवराबाईंनी कमरेचा पदर खोचला. "चल. कुठं हाय म्हणतंय ते तरी बघू."

"वैनी, डब्याच्या नादी लागून चिखल कशापायी तुडवताव?" उत्तरेश्वर हसले. पण तेही मागून आलेच.

दोघी चालू लागल्या. मी एकदाचा मोकळा झालो आणि आकडे दाखवू लागलो. एकशे नव्वद. मग, थोडं थांबून, एकशे पन्नास. ओढा ओलांडताना उपग्रह सुटले. राजनंदिनी पाण्यात पाय टाकून तशीच उभी राहिली आणि मी पुन्हा पहिल्यापासून हाका मारायला लागलो. माझी बॅटरी आठ टक्क्यांवर आली होती. एवढ्यावर आलो की मी नेहमी मान टाकतो. त्या दिवशी टाकली नाही. नव्वद. चाळीस. दहा. मग काचेवर आलं, 'आपण गटात आहात.'

दोघींनी मान वर केली. त्या उत्तरेश्वरांच्या मोसंबीच्या बागेत मधोमध उभ्या होत्या.

उत्तरेश्वरांचं हसू गेलं. पाच वर्षं जपलेली बाग होती ती, यंदा पहिली फळं धरली होती. "माझ्या बागेत तुमचं शेत दाखवतंय व्हय हे?" ते ओरडले आणि त्यांनी राजनंदिनीच्या हातातून मला हिसकावून भिरकावलं. मी बांधावरच्या दगडावर आपटलो. हा तडा तेव्हाचा. राजनंदिनीने धावत जाऊन मला उचललं आणि छातीशी धरून ती रडायला लागली. मग तिने मला पुसून बघितलं. काच फुटली होती, पण वाक्य तेच होतं. 'आपण गटात आहात.' मी ते बदलणार नव्हतो. मला खोटं बोलता येत नाही असं नाही; माझ्या पाठीवरचं ते शोभेचं गोल तुम्हाला माहीत आहे. पण जमीन कुठे आहे हे विचारल्यावर खोटं बोलायचं नसतं.

वस्तीत सगळ्यांत वयस्कर धुळाजीबाबा. नव्वदीला आलेले, मेंढरं राखण्यात जन्म गेलेला. भिवराबाई संध्याकाळीच त्यांच्याकडे गेल्या. उत्तरेश्वरही आले, तोंड फिरवून बसले. धुळाजीबाबांनी सगळं ऐकलं आणि मोठ्याने हसले.

"फोन बरोबर बोलतोय की! तुझा सासरा अन् ह्याचा बाप, सख्खे भाऊ. एकाचं शेत ओढ्याच्या अल्याड अन् घर पल्याड, दुसऱ्याचं उलटं. बैलाला रोजचा फेरा पडायचा. मग म्हनले, तू माझं कर, मी तुझं करतो. नारळ मीच फोडलता बांधावर. कागूद कशाला करायचा, भाऊ-भाऊ तर हायत!"

नारळ फुटला, खोबरं वाटलं, दोन्ही भाऊ एकमेकांचं शेत कसू लागले आणि काही वर्षांनी दोघेही गेले. सातबाऱ्यावर मात्र कुणी हात लावला नव्हता. चाळीस वर्षं दोन घरं एकमेकांच्या जमिनीवर राबत होती आणि पुढच्या पिढीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मंजूर विहीर मोसंबीच्या बागेत होती. आणि भिवराबाईंनी ती सोयाबीनच्या रानात खणली असती, तर ती कागदावर उत्तरेश्वरांची झाली असती.

तीन दिवस उत्तरेश्वर बागेतून हलले नाहीत. त्यांनी अदलाबदलीचा कागद करायला नकार दिला असता तर विहीर कागदावरच राहिली असती. भिवराबाई पुन्हा उसात गेल्या असत्या आणि राजनंदिनी पुन्हा मावशीकडे. चौथ्या दिवशी सकाळी भिवराबाई मला कनवटीला लावून बागेत गेल्या. उत्तरेश्वर झाडांना पाण्यासाठी आळी करत होते.

"भाऊजी, ही झाडं माझ्या गटात हायत. मला ती नकोत. तुमी लेकरावानी वाढवल्यात. मला माझी हीर पायजे. जे आपण कसतो ते आपल्या नावावर करू. बीडला जाऊ, कागूद करू."

"अन् मी न्हाई म्हनलो तर?"

"तर मी हा डबा घेऊन एकटीच जाईन. मोजणी होऊ द्या. मग झाडं बी माझ्याकडं येतील अन् हीर बी हितंच होईल. मला तसं करायचं न्हाई. पर करीन."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मित्रांनो, जिद्द माझ्यात आहे असं मला वाटायचं. त्या सकाळी मला कळलं की मी ती कुणाच्या हातात राहून शिकलो.

उत्तरेश्वरांनी हातातलं आळं पुरं केलं. मग म्हणाले, "कधी जायचं?"

कागद झाला. मग मंजुरीवरचा गट बदलून घ्यायला भिवराबाईंनी कितीतरी फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी कचेरीत कागदाचा फोटो दाखवावा लागे. मी तो उघडायला मिनिटभर घ्यायचो आणि टेबलामागचा माणूस जांभई द्यायचा. पण फोटो उघडायचा. एवढं होईपर्यंत दिवाळी झाली आणि त्या हंगामात त्यांना ऊसतोडीला जावंच लागलं. मीही गेलो. उसाचं पाचट, थंडी, जाळलेल्या फडाची काजळी, सगळं माझ्या भोकाभोकांत शिरलं. रोज संध्याकाळी मावशीच्या घरी फोन लावायचा, हे माझं एकच काम. एक दिवसही मी ते चुकवलं नाही.

मे महिन्यात विहिरीचं काम सुरू झालं. मुरूम उचलायला उत्तरेश्वर स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोलीवर दगडाच्या फटीतून पाणी आलं, तेव्हा राजनंदिनीने माझ्यावर फोटो काढला. खाली उजेड कमी होता, त्यामुळे फोटोत नुसतं काळं दिसतं. भिवराबाई तो अजूनही सगळ्यांना दाखवतात आणि सगळे अजूनही "व्हय व्हय, पाणीच हाय" म्हणतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारखा स्वस्तातला मोबाईल घरी आला तर त्याच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवू नका. सुंदर फोटोंची नका, खेळांची तर मुळीच नका. त्याचं पोट फुकाच्या चित्रांनी भरू नका, त्याला उन्हात टाकू नका, एका वेळी एकच काम सांगा. आणि तो थांबला की त्याला आपटण्याआधी त्याच्या काचेवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. हळू बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, एवढीच माझी विनंती आहे. ती मी फक्त मोबाईलांसाठी करत नाही.

परवा दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम सटवा यांचा फोन आला. भिवराबाई विहिरीवर हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळत बसल्या होत्या.

"भिवराबाई, टोळीची यादी करतोय. अर्धा कोयता धरू ना तुमचा?"

"न्हाई. मी येणार न्हाई."

काजळीने माझा माइक बुजला आहे. पलीकडे काही पोचलं नाही. "हॅलो? काय म्हनलात?"

"न्हाई येणार म्हनलं!"

"आवाज येईना बगा!"

मग भिवराबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मला तोंडासमोर धरलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "मी आता उसाला येणार न्हाई! माझ्या रानात पाणी हाय!"

बागेत उत्तरेश्वरांनी मान वर केली. राजनंदिनी दप्तर टाकून धावत आली. माझ्यात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून मी ते वाक्य पुढे पाठवलं, आणि या वेळी ते पोचलं.