सहाव्या टप्प्यावरचा धूर

हा खेळ बनवणाऱ्यांनो, तुम्ही फसवलंत. मरणारं कोण हे कळायच्या आधीच तुम्ही आमच्या हातात बंदूक ठेवलीत, आणि ती इतकी झकास बनवलीत की समोर नीट बघायचं राहूनच गेलं. अनिताचं तेच झालं.

दोन हजार तीन सालच्या एप्रिलातली गोष्ट. अनिता शहापूरला हरेशच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा, तेव्हा ती 'केरॉन फ्रंट' खेळत बसायची. माणसांची फौज परक्या ग्रहावर उतरते आणि तिथल्या चार हातांच्या जनावरांना गोळ्या घालत पुढं सरकते, एवढाच मामला. मुंबईच्या एका कॉम्प्युटर मासिकानं वाचकांकडून खेळांची परीक्षणं मागवली होती. अनितानं अकरा दुपारी घालवून खेळ संपवला, परीक्षण धाडलं आणि ते निवडलं गेलं. तिचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं. घरी, गावात, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगून झालं होतं.

लिहिलंही तिनं मन लावून होतं. बंदुकीचं वजन हाताला जाणवतं. आकाशात दोन सूर्य, म्हणून प्रत्येक वस्तूला दोन सावल्या, आणि त्या खोट्या वाटत नाहीत. जुन्या मशिनवरही खेळ अडकत नाही. दोष काय, तर सोबतचे शिपाई दारात म्हशींसारखे एकमेकांना अडवून उभे राहतात, आणि मधेच मेलं की अर्धा टप्पा पुन्हा खेळावा लागतो. सहाव्या टप्प्याचं तिनं खास कौतुक केलं होतं. तिथं हुकूम येतो: जिथं धूर, तिथं शत्रू. डोंगरउतारावर नऊ ठिकाणी धूर, प्रत्येक धुरापाशी हातात काहीतरी घेऊन बसलेली जनावरं. नऊही साफ केली की दरवाजा उघडतो. 'थरारक' असं तिनं लिहिलं, आणि वर पाच तारे.

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी तिची आई मैना शहापूरच्या बाजाराला आली. गावची एसटी अडीचची, ऊन कडक, म्हणून क्लासातल्या पंख्याखाली येऊन टेकली. छापून येणार ते कशाबद्दल, बघू दे तरी, म्हणाली. अनितानं हौसेनं सहावा टप्पा लावला आणि पहिला धूर धडाधड साफ करून दाखवला.

मैना खुर्चीतून पुढं वाकली. तिनं बोट थेट काचेला लावलं.

"अगो, ती राब भाजतात. त्यांना का मारतेस?"

अनिताला हसू आलं. आये, हा दुसरा ग्रह आहे, असं काहीतरी तिनं समजावलं.

"ग्रह असू दे नायतर मुरबाड. तो बघ, अजून पेटवला नाय तो. खाली शेण, पातेरा, वर माती. आणि पलीकडचा पेटवलाय, तो वाऱ्याच्या उलट बाजूनं. आणि हातात हत्यार नाय गो, ओला डहाळा हाय. इस्तव भायेर पळाला तर झोडायला. भात पेरायच्या आधी आपण काय करतो?"

अनितानं दुसऱ्या धुराजवळ जाऊन बंदूक खाली केली आणि पहिल्यांदा बघितलं. बांध घातलेले वाफे. भाजून काळे झालेले चौकोन. पिल्लं डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन उतार उतरत होती. पंधरा वर्षं तिनं स्वतः भाताची रोपं टाकायच्या जागेवर असेच राब भाजले होते, धुरानं डोळे चुरचुरून रडली होती. आणि अकरा दुपारी तिला एकही राब दिसला नव्हता.

ती गोळी न घालता तशीच उभी राहिली. एकाही जनावरानं तिच्यावर हात टाकला नाही. एक तर तिला वळसा घालून गेलं आणि डहाळ्यानं आगीची कड झोडत राहिलं. चार मिनिटांनी पडदा लाल झाला: दिरंगाई, कामगिरी फसली. तिनं पुन्हा लावलं. वाट बदलून पाहिली, दरवाज्यावरच गोळ्या झाडल्या, बंदूक टाकून द्यायचं बटण शोधलं. नव्हतंच. एसटी सुटून गेली तरी मैना उठली नाही. दर वेळी पडदा लाल झाला की "आता?" एवढंच विचारायची.

हरेश जेवून आला. सगळं ऐकून म्हणाला, "अनिता मॅडम, आता राक्षसांना सातबारा काढून देताय काय?"

तिनं तिथूनच संपादकांना फोन लावला. तारे काढा, राबाबद्दल लिहून देते, म्हणाली. माणूस गोड बोलणारा होता. राब म्हणजे काय ते त्यानं विचारलं, ऐकून घेतलं, आणि वाचकाला हे कळणार नाही असं सांगितलं.

"शेवटी खेळच आहे तो. आहे तसं छापतो, नाहीतर तुमचं पान दुसऱ्याला जाईल. बोला."

अनितानं आईकडं पाहिलं. "जाऊ दे दुसऱ्याला," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग खेळाच्या खोक्यावरचा पत्ता काढून ती पत्र लिहायला बसली. इंग्रजीत सुरुवात केली, राबापाशी अडली, तेव्हा कागद फाडून मराठीतच लिहिलं. वाचून दाखवणारा तुमचा तुम्ही शोधा, असं वर टाकलं. खाली एवढंच:

"तुमच्यातल्या कोणीतरी राब पाहिलेला आहे. पाहिल्याशिवाय वाऱ्याची बाजू इतकी बरोबर काढता येत नाही. तो माणूस कोण? आणि त्याला सगळं ठाऊक असताना, गोळी घालण्याशिवाय दुसरं काहीच खेळणाऱ्याला तिथं का करू दिलं नाहीत? उत्तर पाठवा. पत्ता खाली आहे."