कॉन्स्टान्सियाची होडी लाउबेगास्टच्या रस्त्यावर

माझ्या पोटात कित्येक वर्षे फुलझाडे वाढली. येणारेजाणारे मला मोठी कुंडी समजत. पण मित्रांनो, मी कुंडी नाही, मी होडी आहे! पाइनच्या लाकडाची, सपाट तळाची, दोन्ही टोकांना वर वळलेली जुनी होडी. आणि म्हातारपणी जर्मनीतल्या एका डांबरी रस्त्यावरून मी जी धावले, ती हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म पोर्तुगालमधल्या कॉन्स्टान्सिया या गावी झाला. तिथे दोन नद्या भेटतात. झेझेरे उत्तरेच्या डोंगरांतून खळाळत येते, थंडगार आणि नितळ. दुसरी तेजू. नकाशात तुम्ही तिला टॅगस म्हणता. ती स्पेनमधून येते, रुंद, संथ आणि मातकट. दोघींच्या मधल्या टोकावर माझे गाव आहे. पांढरी घरे एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन टेकडी चढल्यासारखी दिसतात, आणि अगदी वर चर्च. तेजूच्या पलीकडे सांता मार्गारिदाच्या बाजूला बुचाच्या ओकची राने आहेत. दोन्ही काठ मिळून एक नगरपालिका. तुमच्या एखाद्या चिमुकल्या तालुक्यासारखी.

गावाचे जुने नाव पुन्येत. एकोणिसाव्या शतकात एका राणीने ते बदलले आणि कॉन्स्टान्सिया ठेवले. कॉन्स्टान्सिया म्हणजे निष्ठा, स्थिरपणा. त्या काळात माझ्या पणज्या तेल, लाकूड आणि बूच भरून थेट लिस्बनपर्यंत जात. मग आगगाडी आली, लांबच्या फेऱ्या बंद पडल्या. पुढे झेझेरेवर धरण झाले. मी जन्मले तेव्हा आमच्या वाट्याला मासेमारी आणि माणसांची ने-आण एवढेच उरले होते. पण त्यातही मजा होती! ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्हा साऱ्या होड्यांना कागदी फुलांनी सजवत, संगमावर आणत आणि पाद्री आशीर्वाद देत. त्या दिवशी मी इतकी डुले की माझा मालक ओरडे, "अगं, मला पाडशील!"

गावातल्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. कुठल्या साली पाणी कुठवर आले ते लहान मुलेही बोट ठेवून सांगतात. एकोणीसशे एकोणऐंशीच्या पुरात मी स्वतः चौकातून फिरले आणि लोकांना खिडक्यांतून उतरवून घेतले. गावाने माझे किती कौतुक केले म्हणून सांगू!

माझ्या मालकाचा मुलगा अर्मांदो तेव्हा गावात नव्हता. तो तरुणपणीच जर्मनीला, ब्योब्लिंगेनजवळच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला गेला होता. त्याची बायको मूळची ड्रेस्डेनची. बर्लिनची भिंत पडल्यावर दोघे तिच्या गावी आले आणि एल्ब नदीकाठच्या लाउबेगास्ट या भागात त्यांनी छोटे कॅफे उघडले. वडील वारले तेव्हा अर्मांदोने मला ट्रकवर चढवून तिकडे नेले. मला वाटले, नवी नदी! नवे पाणी! पण त्याने मला कॅफेच्या अंगणात ठेवले, तळाला भोके पाडली, माती भरली आणि लाल जिरेनियम लावली.

"पाणी साचायला नको," तो भोके पाडताना पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी त्याच्यावर रागावले नाही. पण आतल्या आत फार खंतावले. एल्ब तिथून हाकेच्या अंतरावर वाहत होती. मला तिचा वास येई.

कॅफेच्या वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहत होते. मुक्ता तिथल्या तांत्रिक विद्यापीठात नद्यांच्या बांधांवर पीएच.डी. करत होती. तिचा नवरा हृषिकेश चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्यांची मुलगी उर्जा मराठी सगळे समजे, पण उत्तर देई जर्मनमध्ये. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मुक्ताला दिवस भरत आले होते, म्हणून तिच्या सासूबाई शोभनाताई कऱ्हाडहून आल्या होत्या.

शोभनाताई रोज संध्याकाळी माझ्या काठावर टेकत. अर्मांदो कॉफी आणून देई. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मधे उर्जा उभी असे. एकदा अर्मांदोने झारीच्या पाण्याने जमिनीवर दोन ओहोळ काढले आणि आमच्या गावाची गोष्ट सांगितली. शोभनाताई एकदम ताठ बसल्या.

"अगं उर्जा, विचार त्यांना, नद्या समोरासमोर भेटतात का?"

उर्जाने विचारले. अर्मांदोने मान हलवली. एक कडेने येते, त्याने हाताने दाखवले.

"आमच्या कऱ्हाडला कृष्णा नि कोयना अगदी समोरासमोर येतात! आणि वर कोयनेवर मोठं धरण आहे. सांग, सांग त्यांना!"

उर्जाने सांगितले. अर्मांदो उडालाच. "गेनाऊ! अगदी बरोबर! आमच्या झेझेरेवर पण धरण!" मग दोघे लहान मुलांसारखे हसले, आणि मी त्यांच्यामध्ये बसून मनातल्या मनात दोन्हीकडच्या पाण्यात डुंबून घेतले.

ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला आणि थांबेना. एल्ब चढू लागली. सगळीकडे एकच शब्द ऐकू येई, होखवासर, होखवासर. म्हणजे पूर. घरे रिकामी करा, असा आदेश आला. मुक्ताच्या बॅगा भरून तयार होत्या, पण ज्या सकाळी निघायचे त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मुदतीच्या आधीच! आणि तेवढ्यात नदीने दगा दिला. समोरून येण्याऐवजी ती आपल्या जुन्या, बुजलेल्या पात्रातून लाउबेगास्टच्या मागून आली. बघता बघता आमची वस्ती बेट झाली. हृषिकेश कारखान्यात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला अडकला. मुक्ताने बचाव पथकाला फोन लावला. बोट पाठवतो, पण सगळ्या बोटी आजारी माणसांना काढण्यात गुंतल्या आहेत, थोडी वाट पाहा, असे उत्तर आले.

पाणी अंगणात शिरले. माझ्या तळाला त्याचा पहिला स्पर्श झाला आणि मित्रांनो, मी नखशिखांत शहारले!

अर्मांदो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग जिन्यात कण्हत बसलेल्या मुक्ताकडे पाहिले.

"माझ्याकडे होडी आहे," तो म्हणाला.

"अर्मांदो, ती कुंडी आहे!" मुक्ता कळवळून ओरडली. "तिच्या तळाला भोकं आहेत!"

त्याने भराभर जिरेनियम उपटली, फावड्याने माती उपसली, आणि हाताने माझा तळ चाचपला. त्याचा चेहरा उजळला. ज्या मातीचा मी इतकी वर्षे तिरस्कार केला, त्या रोज पाणी घातलेल्या मातीनेच माझा तळ ओला ठेवला होता. एकही फळी तडकली नव्हती! त्याने कॅफेतून दारूच्या बाटल्यांची बुचे आणली आणि हातोडीने भोकांत ठोकली. बुचे आमच्याकडच्याच ओकची असावीत, इतकी घट्ट बसली. वरच्या फळ्या मात्र उन्हाने वाळल्या होत्या. त्यांच्या फटी पाहून अर्मांदो थबकला.

शोभनाताईंनी त्या फटींवर नजर टाकली आणि झरझर वर गेल्या. खाली आल्या त्या बाळाच्या दुपट्यांसाठी आणलेली मऊ जुनी लुगडी घेऊन.

"अहो आई, ती बाळाची..." मुक्ता म्हणाली.

"बाळाचीच आहेत. बाळासाठीच फाडतेय," शोभनाताई म्हणाल्या आणि टर्रकन पट्ट्या काढल्या. अर्मांदोने मेणबत्त्या वितळवल्या. मेणात बुडवलेल्या पट्ट्या दोघांनी माझ्या फटींत ठासून भरल्या. कोणी कोणाला काही समजावून सांगितले नाही.

मग मी उचलली गेले! तरंगले! माझ्या मधोमध गादी टाकून मुक्ताला बसवले. मागे अर्मांदो, कॅफेच्या भिंतीवर शोभेला टांगलेले वल्हे घेऊन. पुढे शोभनाताई, खराट्याचा लांब दांडा हातात घेऊन. नाकावर उर्जा. आम्ही फाटकातून रस्त्यावर आलो. माझ्याखाली सायकली होत्या, बाके होती, नुसती छपरे दिसणाऱ्या मोटारी होत्या. माझ्या फटींतून पाणी झिरपत होते, आणि शोभनाताई मधूनच पातेल्याने ते उपसत होत्या.

खरे संकट चौकात होते. तिथे जुने पात्र रस्ता कापून धो धो वाहत होते. प्रवाहाने माझे नाक धरले आणि फिरवले.

"लिंक्स!" उर्जा जर्मनमध्ये किंचाळली. "लिंक्स! लिंक्स!"

अर्मांदोने वल्हे मारले, पण पुढे शोभनाताईंना तो जर्मन शब्द कळला नाही. त्या उजवीकडे पाहत होत्या. बुडालेल्या मोटारीचे टोक सरळ माझ्या कुशीवर येत होते.

"आजी!" उर्जा मराठीत ओरडली. "आजी, डावीकडे! डावीकडे ढकल! जोरात ढकल!"

शोभनाताईंनी दांडा मोटारीच्या छपरावर रोवला आणि सारे बळ लावले. मी कलले, पाणी आत उसळले, मुक्ताने माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. आणि मी सरळ झाले! पलीकडच्या संथ पाण्यात घुसले! "शाब्बास गं माझी बाय!" शोभनाताई हसत आणि रडत म्हणाल्या, आणि मला काही केल्या कळेना की त्या उर्जाला म्हणाल्या की मला.

ट्रामच्या रुळांपाशी जमीन कोरडी होती. तिथल्या जवानांनी मला वर ओढले आणि मुक्ताला रुग्णवाहिकेत घातले. शोभनाताई आणि उर्जा तिच्याबरोबर गेल्या. अर्मांदोने त्यांच्याकडे पाहून हात हलवला, मला पुन्हा पाण्यात ढकलले आणि परत फिरला. मागे अजून माणसे होती ना! त्या दिवशी मी शेजारच्या आजीबाईंना आणले, एका बेकरीवाल्याला आणले, तीन मांजरींची टोपली आणली. अर्मांदो वल्हवताना पोर्तुगीजमध्ये गात होता. संध्याकाळी एका जवानाच्या फोनवर हृषिकेशचा निरोप आला. मुलगी झाली! आई आणि बाळ दोघी सुखरूप! अर्मांदो माझ्या काठावर डोके टेकून बराच वेळ बसला.

पूर ओसरला. सगळीकडे चिखल झाला होता. कॅफे पुन्हा उभे करायला हिवाळा लागला. तेवढ्यात वस्तीतल्या काही भल्या माणसांनी सुचवले की मला सभागृहात काचेच्या पेटीत ठेवावे. पुराची आठवण म्हणून. सन्मानच होता तो. पण मित्रांनो, काचेच्या पेटीत मला पाणी कुठले?

अर्मांदोने शोभनाताईंना विचारले. त्या कऱ्हाडला परत निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काचेत ठेवलीत तर वाळून फुटेल हो ती. पाण्यात सोडा." उर्जाने ते जर्मनमध्ये सांगितले. मग स्वतःहून आजीकडे वळून मराठीत म्हणाली, "आजी, मी सांभाळीन तिला."

आता मी एल्बवर असते. बुचांच्या जागी लाकडी खुंट्या बसल्या आहेत, फटींत ताग आणि डांबर आहे. उर्जा वल्हवायला शिकते आहे. तिची बहीण माझ्या तळाशी बसून दोन्ही हातांनी माझ्यावर थापा मारते. माझ्या अंगावर रोज नवे ओरखडे उठतात, आणि मला ते सगळे आवडतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुने पडून असेल. त्याची धूळ झटकलीत, त्यावर फुले ठेवलीत, एवढ्याने आमचे भागत नाही. शिवणयंत्राला कापड द्या, सायकलला रस्ता द्या, कंदिलाला वात द्या. मोडले तर दुरुस्त करा, पण काम सांगा. आम्हाला जपायचा दुसरा मार्ग नाही.

आज वारा पाठीमागून आहे. या, बसा. फक्त उभे राहू नका हं, मी अजून डुलते!